उरलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्या

वामनशेठच्या पोटातली आग थांबली, तेव्हा तळवलीत दोनशे पानं उठली होती. त्याची बायको पुतळाबाई अनवाणी कार्ल्याचा डोंगर चढली, एकवीरा आईला बोकडाचा मान दिला, आणि सहा वर्षं उशाशी औषधाची बाटली घेऊन झोपणारा माणूस लोणच्याचा खार बोटाने चाटू लागला. नवस पुतळाबाईचा. त्यामुळे गावात तिची मान ताठ झाली, आणि ती ताठ ठेवायला तिला काही कष्ट पडत नव्हते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आज ती मुलासोबत, दिपेशसोबत, नेरूळला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसली होती. वामनशेठला बाहेर बाकावर बसवलं होतं. चार महिन्यांत त्याच्या अंगावरचं मांस झडून गेलं होतं, दोन घासांत पोट भरायचं. दुर्बीण घालून पोट तपासलं, तुकडा काढून पाठवला, त्याचा रिपोर्ट टेबलावर होता. जठराचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही, त्रास कमी करता येईल, एवढंच त्या म्हणाल्या.

"पन त्यांची जलजल तर कवाच थांबली," पुतळाबाई म्हणाली. "दोन वरसं झाली, औषधाचा थेंब नाय घेतला."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर जठराचं चित्र काढलं. "मावशी, पोटात एक जंतू शिरतो आणि वर्षानुवर्षं राहतो. जठरात दोन हार्मोन्स असतात. गॅस्ट्रिन सांगतं, अ‍ॅसिड बनवा. दुसरं, सोमॅटोस्टॅटिन, सांगतं, आता पुरे. जंतू त्या पुरे म्हणणाऱ्याचं तोंड दाबतो. मग अ‍ॅसिड बनतच राहतं. तीच ती जळजळ."

पुतळाबाई शाळेत गेली नव्हती, पण हे तिला चटकन कळलं. खाडीकाठची शेती होती तेव्हा बांधात उघाडी असायची, खारं पाणी अडवणारं लाकडी दार. ते वेळेवर पडलं नाही की भरतीचं पाणी भातात शिरायचं.

"मग थांबली कशी?"

"जंतू वर सरकला. अ‍ॅसिड बनवणाऱ्या पेशीच हळूहळू मेल्या. रक्तात गॅस्ट्रिन अजून खूप आहे. ते हुकूम सोडतंय, पण ऐकायला कोणी उरलं नाही. जळजळ थांबली, तेव्हा ते बरे झाले नव्हते, मावशी."

खारं पाणी पुन्हा पुन्हा शिरलं की शेत कायमचं जातं. मग उघाडी लावली काय नि मोडली काय, सारखंच. तसलं शेत पुतळाबाईने पाहिलं होतं. तसल्या शेतावर तिने बोकड कापला होता.

"या जंतूवर कधी औषध दिलं होतं का? चौदा दिवसांचं?"

"नाही, मॅडम," दिपेश म्हणाला. "मला तरी आठवत नाही."

त्याला कसं आठवणार, तो तेव्हा नवरदेव होता. आठ वर्षांपूर्वी घणसोलीच्या डॉक्टरने चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, एकही चुकवायची नाही, दारूला शिवायचं नाही. पाच दिवस झाले आणि दिपेशची हळद आली. आगऱ्यांच्या हळदीत नवऱ्याच्या बापाने व्याह्याबरोबर ग्लास उचलला नाही, तर माणसं वर्षभर टोचून बोलतात. वामनशेठ गोळी घ्यायला निघाला होता. पुतळाबाईनेच पाकीट त्याच्या हातातून घेतलं. "हलद होऊ दे, मंग घ्या," ती म्हणाली. हळद झाली, लग्न झालं, पूजा झाली. नऊ दिवसांच्या गोळ्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात राहिल्या. आता त्यांच्यावर अंगाऱ्याच्या पुड्या होत्या.

"दिल्या होत्या," ती म्हणाली. "मीच बंद केल्या. तुज्या हलदीसाठी."

दिपेशने तिच्याकडे पाहिलं आणि मग चित्राकडे पाहत राहिला.

"घेतल्या असत्या तर?" पुतळाबाईने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बहुतेक ही वेळ आली नसती."

बाहेर वामनशेठ बाकाच्या कडेला बसला होता. शर्टात दोन माणसं मावली असती. "काय बोलली गं डाक्टरीन?"

"औषध देनार हायत," दिपेश म्हणाला आणि गाडी आणायला म्हणून भराभर निघून गेला.

"देऊ दे. आग तर नाय ना? मना वाटला, परत तीच आग सुरू झाली." वामनशेठने बायकोचा हात धरला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "तुज्या नवसानं वाचलो मी. एकवीरा आई तुजा ऐकते. अजून एकदा बोल तिला."

"आता?"

"आता. माज्यासमोर."

पुतळाबाईने हात जोडले, डोळे मिटले. सासूचं दुखणं, दिपेशची नोकरी, नातवाचा ताप, सगळ्यांसाठी ती भराभर नवस बोलली होती. आज तिला आईपुढे उभं राहायची लाज वाटली. ओठ हलत राहिले, शब्द एकही आला नाही.

"बोललीस?" त्याने विचारलं.

"बोलले," ती म्हणाली.