अय्याजच्या वजनाचा डोंगा

मी अय्याज मिस्त्रीचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, बोलतोय. जरा उजवीकडे कललेला दिसलो तर घाबरू नका. मी बुडत नाहीये. मी घडलोच असा, आणि का घडलो तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म पाण्यातला नाही. बोरी अरब गावात अय्याजचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या मागे ऑइलचे रिकामे ड्रम पडलेले असायचे. एका उन्हाळ्यात त्याने ते उभे फाडले, ठोकून सपाट केले आणि वेल्डिंगने जोडून माझं अंग केलं. माझ्या पोटात अजून 'इंजिन ऑइल' अशी अक्षरं वाचता येतात, पण त्यासाठी तुम्हाला डोकं खाली करावं लागेल. रंग दिला ट्रॅक्टरचा, लाल. पाठीवर नाव लिहायला ट्रकचा पेंटर बोलावला. काय लिहायचं हे अय्याजने सांगायच्या आतच त्याचा हात चालू झाला आणि सवयीने 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहून मोकळा झाला. अय्याज पोट धरून हसला. राहू दे म्हणाला. धरणात माझ्या मागे बगळ्याशिवाय कोणी नसतं, तरी सूचना आहे.

अय्याज सगळ्याच बाबतीत मोठा होता. अंगाने, आवाजाने, हसण्याने. तो बसायला आला की दुकानातलं स्टूल आधीच करकरायचं. त्याचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून पाय लांब करून टेकायला त्याला कोपरा लागे. माझ्या मागच्या टोकाचा डावा कोपरा त्याने पहिल्याच दिवशी धरला. कॅनॉलमध्ये मला सोडलं, तो तिथे बसला, आणि मी डावीकडे असा झुकलो की पाणी आत डोकावून गेलं.

धाकटा भाऊ नौशाद काठावर उभा होता. म्हणाला, "भाई, मधात सरक ना."

"माणसानं कायले सरकाव बे?" अय्याज म्हणाला. "मशीन सरकवाची."

आता हे मिस्त्रीलाच सुचू शकतं. दुकानात जुन्या ट्रॅक्टरच्या नाकासमोरचं लोखंडी वजन पडलं होतं. ते त्याने माझ्या उजव्या बगलेला जोडून टाकलं. नौशादने दोन्ही हातांनी धरून ठेवलं, अय्याजने वेल्डिंगचे टाके मारले. नौशादच्या मनगटावर ठिणगीचा डाग आहे तो तेव्हाचा. मग मला पुन्हा पाण्यात सोडलं, अय्याज आपल्या कोपऱ्यात पाय लांब करून बसला, आणि मी ताटातल्या पाण्यासारखा सपाट झालो. चहाचा काठोकाठ भरलेला कप त्याने माझ्या फळीवर ठेवला. थेंब सांडला नाही.

शिंपी जसा एका माणसाच्या मापाचा सदरा शिवतो, तसा मी एका माणसाच्या मापाचा झालो. तो माणूस त्या कोपऱ्यात कायम बसणार, हे दोघा भावांनी धरूनच चाललं होतं. मीसुद्धा.

मग आम्ही मंडळात गेलो. आमच्या भागात धरण आहे, पाणी आहे, आणि हौसेच्या होड्या आहेत चार. तरी नौकामालक मित्रमंडळ आहे, कारण चार माणसं जमली आणि मंडळ झालं नाही असं आमच्याकडे होत नाही. देवसिंग राठोड अध्यक्ष, कारण शिट्टी त्याच्याकडे आहे. त्याची होडी म्हणजे कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतला पायंडलवाला हंस. आणताना वाटेत पुलाच्या कमानीला लागून हंसाची मान तुटली. आता बिनमुंडक्याच्या हंसावर केशरी लाइफ जॅकेट घालून अध्यक्ष पुढे असतात. ते जॅकेट तो बाजारातही घालतो.

संघदीपचं मोबाइलचं दुकान. त्याने रबरी होडी घरबसल्या मागवली. ती फुगवता फुगवता आमची अर्धी सहल संपते. नागोरावचा डोंगा लाकडी, बापाच्या हातचा. बाकीच्या तिघांना तो डबे म्हणतो. पोहता मात्र मंडळात एकीलाच येतं, नागोरावच्या रुखमाबाईला, आणि तिच्या नावावर होडी नाही म्हणून ती सभासद नाही.

पाऊस संपला की होळीपर्यंत एखादा रविवार धरून आम्ही निघतो. मधल्या बेटावर रोडग्यांची पार्टी. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजायचं काम पुरुषांचं, पण वांग्याची भाजी रुखमाबाई पहाटे घरीच करून आणते, कारण पुरुषांच्या हातच्या भाजीवर तिचा विश्वास नाही. भाजीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, न्यायचा मान माझा होता. सगळ्यांत स्थिर मी. नागोरावसुद्धा त्या वेळेपुरता मला डबा म्हणायचा नाही.

मागच्या पावसाळ्यात अय्याज दुकानातल्या बाकावर बसला, छातीत जड वाटतं म्हणाला, आणि पाणी आणेपर्यंत गेला. पाणी आणायला नौशाद गेला होता.

 

मला दुकानामागे भिंतीला लावून ठेवलं. माझ्यात पालापाचोळा साचला, मग शेजारच्या कोंबडीने अंडी घातली. नौशाद रोज येऊन माझ्याकडे बघायचा आणि जायचा. एका दुपारी आला तो हातोडी घेऊन. धाडकन एक ठोका घातला. कोंबडी किंचाळत उडाली. मग तो तिथेच बसला आणि ठोका बसला त्या जागेवरून हात फिरवत राहिला, जसा लहान पोराला मारून आई फिरवते. पोचा अजून आहे. जेवतही नव्हता. त्याची अम्मी अकीला ताट पुढे करायची, तो म्हणायचा, भूक नाही.

अय्याजचा चाळिसावा दिवस झाल्यावर मंडळ दुकानात आलं. शिट्टी न वाजवता आलं, म्हणजे बघा. चहा झाला, आणि मग मला कॅनॉलवर नेऊन पाण्यात सोडलं. नौशाद मधल्या फळीवर बसला. मी लाजिरवाणा उजवीकडे कललो.

देवसिंग म्हणाला, "हे वजन कापून टाक, बापा. गॅसकटरचं दोन मिनिटाचं काम आहे."

"तो टाका भाईचा आहे. त्याले कटर लावून त पाहा कोणी."

"बरं, नको लावू," नागोराव म्हणाला. "मंग कोपऱ्यात बसव एखाद्या जाड्याले."

"तिथं भाई बसते. तिथं कोणी नाई बसन."

"टाका तोडाचा नाई, जागा देवाची नाई. मंग डोंगा चालन कसा?"

"चालन."

संघदीप हळूच म्हणाला, "पाण्याले नाई समजत रे नौशाद, कोन गेलं अन् कोन राह्यलं."

नौशाद त्याच्या अंगावर गेला. नागोरावने मध्ये पडून आवरलं. मग अध्यक्षांनी निकाल दिला. येत्या रविवारी डोंगा आपल्या पायावर, म्हणजे आपल्या तळावर, भाजीचा गंज घेऊन बेटाला सरळ लागला तर राहील तसा राहू द्यायचा. नाही लागला तर एकतर टाका तुटेल, नाहीतर मी कायमचा भिंतीला लागेन. नौशादने मान हलवली. माझा जीव टांगणीला लागला. कोंबडी तेवढी खुश होती.

रविवारी टेम्पोतून उतरलो तेव्हा माझ्या डाव्या कोपऱ्यात रेतीचं भलंमोठं पोतं होतं. नौशादने ते अय्याजच्या जागी भिंतीसारखं टेकवून बसवलं होतं. त्याला शर्ट घालायचाच बाकी होता. पोतं त्याने पहिलं हाती लागलं ते घेतलेलं, युरियाचं, जुनं. बुडाशी उंदराने कुरतडलंय हे मला लागत होतं, पण माझं कोण ऐकतो.

"पाह्य, सरळ आहे," नौशाद म्हणाला. खरंच सरळ होतो.

रुखमाबाई भाजीचा गंज घेऊन माझ्यात चढली. झाकण फडक्याने बांधलेलं, वास धरणभर. देवसिंगने शिट्टी मारली. पुढे बिनमुंडक्याचा हंस, मागे नागोरावचा डोंगा गोवऱ्या आणि कणीक घेऊन, मग रबरी होडीत संघदीप, एका हाताने वल्हं आणि एका पायाने पंप मारत. शेवटी मी. नौशाद मधल्या फळीवर, पाठ कोपऱ्याकडे.

अर्धं पाणी कापलं आणि पोत्याने सुस्कारा सोडला. रेती भुरभुरू लागली. रेतीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, उतार दिसला की थांबत नाही. ती माझ्या तळावरून डावीकडून उजवीकडे निघाली, आणि जितकी ती उजवीकडे गेली तितका मी कललो, आणि जितका कललो तितकी ती पळत सुटली. गंज सरकला.

"नौशाद," रुखमाबाई गंजाला मिठी मारून म्हणाली, "पोतं पाह्य."

त्याने वळून पाहिलं. पोतं अर्धं बसलं होतं, मान खाली घातल्यासारखं. 

"त्या कोपऱ्यात बस."

"तिथं भाई बसते, काकू."

"अरे, भाई असता त त्यानं आधी भाजी वाचवली असती."

माझी उजवी कड पाण्याला टेकली. पुढून देवसिंगने शिट्टी मारली, का ते त्यालाही माहीत नव्हतं. नौशादने डोळे मिटले, पोतं उचललं, पाण्यात फेकलं आणि स्वतःला कोपऱ्यात झोकून दिलं.

मी थोडा वर आलो. थोडाच. पोरगा दीड महिना धड जेवला नव्हता, त्याच्यात वजन कुठलं.

"हाडकुळ्या," रुखमाबाई म्हणाली, "सरक तिकडे." आणि गंजासकट त्याच्या शेजारी येऊन बसली. गंज घेतला मांडीवर.

आणि मी सपाट झालो. ताटातल्या पाण्यासारखा. अय्याज म्हणजे नौशाद, रुखमाबाई आणि अख्ख्या मंडळाची वांग्याची भाजी, असा हिशेब निघाला.

मागून मंद वारा होता, तोच मला बेटाकडे नेत होता. वल्हं कोणी मारत नव्हतं. नौशाद भाऊ बसायचा तिथे, भावासारखा डावा पाय लांब करून बसला होता, आणि तिथून धरण कसं दिसतं ते त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याचा गुडघा तर बरा होता. पाय लांब का केला, त्याचं त्यालाच ठाऊक. मग त्याचे खांदे हलू लागले. मीही हलू लागलो.

रुखमाबाईने पुढे बेटाकडे नजर ठेवली. म्हणाली, "रडाचं असन त रड, बापा. पण हलू नको. भाजी सांडन."

तो न हलता रडला. फार कठीण असतं ते. बेट येईपर्यंत रडला, आणि भाजी सांडली नाही.

बेटावर देवसिंगने माझी कड बोटाने मोजली, मान तिरपी करून पाहिलं आणि डोंगा सरळ लागला असं जाहीर केलं. नागोराव म्हणाला, "पण बाई बसली त्या जागेवर. मंग तिले सभासद करा लागन." तशी ती झाली. तिच्या नावावर होडी नाही, तिचा कोपरा आहे.

त्या दिवशी नौशाद जेवला. पहिला रोडगा त्याने तुपात बुडवून कोणाकडे न बघता खाल्ला. दुसऱ्याला देवसिंगने शिट्टी मारली. मग प्रत्येक रोडग्याला. संघदीपने आपल्या ताटातलं वांगं गुपचूप त्याच्या ताटात सरकवलं. दोघांमध्ये तेवढीच बोलणी झाली आणि तेवढी पुरली.

आता मंडळाने नौशादला अय्याजच्या वजनाचा करायचं मनावर घेतलंय. सहलीला तूप जादा येतं. अम्मी डब्यात पराठे बांधून देते आणि परत आलेला डबा उलटा करून बघते. पण खरं सांगू? त्याला अजून फार वेळ लागेल. कदाचित कधीच होणार नाही. म्हणून मी रिकामा असलो की उजवीकडे कलतो, आणि बगलेतला टाका जसाच्या तसा आहे. त्याला कोणी हात लावत नाही.

कधी आमच्या धरणावर आलात तर माझ्यात बसा. पाठीवरची सूचना मनावर घेऊ नका. सरळ मागच्या डाव्या कोपऱ्यात या. तिथे एक पोरगा पाय लांब करून बसलेला असेल. त्याला म्हणा, सरक.

अय्याज सरकला नसता. हा सरकतो.