मास्तरांनी उलटी लावलेली पाकळी

मी लसणाची पाकळी. बोलायला जरा उशीर झाला, कारण बरेच दिवस माझं डोकं खाली आणि पाय वर होते. ते कसं झालं तेवढं सांगते. रडगाणं गाणार नाही. डोळ्यांत पाणी आणणं हे कांद्याचं खातं, आमचं नव्हे.

एका लहानशा घराच्या मागच्या दारी, भिंतीला लागून एक वाफा आहे. माझा जन्म तिथला. घरात माणसं दोनच. एक शिंपी, आता निवृत्त, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दुसरी त्यांची बायको, म्हणून ती मास्तरीणबाई. वाफा तिचा, बियाणंही तिचं, तिच्या आईकडून आलेलं. बाजारचा लसूण तिनं त्या मातीत कधी घातला नाही. दर हंगामाला जाडजूड पाकळ्या लावणीसाठी बाजूला निघायच्या आणि बारक्या स्वयंपाकघरात जायच्या. त्या बारक्या सोलायचं काम मास्तरांचं.

"नखं गेली माझी. त्या मोठ्या काय प्रदर्शनात मांडायच्यात?" असं ते रोज कुरकुरत आणि रोज सोलत.

माझ्या लावणीच्या आधीच्या हंगामात मास्तरीणबाई घसरून पडली आणि तिचा गुडघा मोडला. ती अंथरुणात, वाफा मास्तरांच्या हाती. त्यांनी पाणी घातलं. सकाळी घातलं, संध्याकाळी घातलं. पात पिवळी पडू लागली तसे ते घाबरले आणि आणखी घातलं. खरं तर पात पिवळी पडते तेव्हा आमचं पोसणं संपत आलेलं असतं. तेव्हा आम्हाला कोरडं राहू द्यायचं असतं. मास्तरांना वाटलं, झाडं तहानली. सगळा वाफा कुजला. कोपऱ्यातल्या दगडाआड झारी पोचत नव्हती, तिथली एक गड्डी तेवढी वाचली. मी त्या गड्डीतली.

"एवढंच उरलंय," मास्तरीणबाई गड्डी हातात धरून म्हणाली. "हे गेलं की आईचं बियाणं संपलं."

ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. त्यानंतर बरेच दिवस ते बाजारचा लसूण सोलताना कुरकुरले नाहीत.

लावणीच्या दिवशी ती काठी टेकत मागच्या दारापर्यंत आली आणि खुर्चीत बसली. वाकणं बंद झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

"साल तशीच राहू द्या. माती भुसभुशीत हवी. दोन पाकळ्यांमध्ये चार बोटं अंतर सोडा."

"कोणाची बोटं? तुझी की माझी?" म्हणत मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. त्यांनी असं माप घेतलं की एखाद्या नवरदेवाच्या कोटाचंही कोणी घेतलं नसेल. मग एकेक पाकळी चिमटीत धरून, मान वाकडी करून, टोकाकडून मातीत खुपसली. वर वाळका पाला पसरला. त्यांची रुंद पाठ खुर्चीकडे होती, त्यामुळे मास्तरीणबाईला सरळ रांग तेवढी दिसली आणि ती खूश झाली.

मातीत मी डोकं खाली करून पडले. मुळं वर फुटली आणि वळून खाली गेली. कोंब खाली फुटला, त्याला वर यायचं होतं. मी वळसा घेतला. वेळ लागला. राग वगैरे आला नाही. अंधारात दिशा एकच असते, ती चुकली की दुसरी.

शेजारी एक नर्स राहते. तिच्या कुंडीतला लसूण हिरवागार झाला तरी आमचा वाफा रिकामाच. मास्तर रोज पाला उचलून बघत. शेवटी त्यांनी बोटानं माती उकरली आणि आत येऊन हळूच म्हणाले, "अगं, याला वरच्या बाजूनं मुळं फुटलीत."

मास्तरीणबाईनं विचारलं, "टोक कुठं केलं होतंत?"

"खाली. सुई टोकाकडूनच घुसते ना?"

"एवढी वर्षं लसूण सोललात, आणि त्याचं डोकं कुठं, पाय कुठं, ते बघितलं नाहीत?"

मास्तर खुरपं घेऊन निघाले. सगळं उकरून सरळ लावतो म्हणाले. "हात लावू नका," ती म्हणाली. "मुळं तुटली तर उरलंसुरलंही जाईल. येईल वळून." मग तिला हसू फुटलं आणि गुडघा दुखेपर्यंत ती हसली. मास्तर दारात तसेच उभे राहिले. त्यांना हसता येईना.

आम्ही वर आलो. उशिरा आलो, वाकड्या मानेनं आलो, पण आलो. मास्तर गवताची काडीही टिकू देत नसत. पुढे ऊन वाढलं आणि खालची पात पिवळी पडली. मास्तरीणबाई त्या दिवशी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली होती. खुर्ची रिकामी होती. मास्तर झारी भरून वाफ्याशी आले आणि उभे राहिले. झारी एकदा तिरपी झाली, पुन्हा सरळ झाली. मग त्यांनी सगळं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं आणि कुंपणाशी जाऊन नर्सला हाक मारली.

"ही झारी तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"काका, काय झालं?"

"काही नाही. माझ्या हाताचा भरवसा नाही."

पात वाळली तेव्हा त्यांनी आम्हाला उपटलं नाही, खुरप्यानं खालची माती सैल करून उचललं. धुतलं नाही. सावलीत वाऱ्यावर टांगलं. गड्ड्या लहान होत्या आणि माना वाकड्या, पण एकही कुजली नव्हती. मास्तरीणबाईनं प्रत्येक गड्डी दाबून पाहिली. मीही त्यांतली एक. एकटी गेले होते, आता माझ्यात बऱ्याच पाकळ्या आहेत. तरी स्वतःला मी मीच म्हणते.

नंतर एकदा गॅसवर तेल तापलं आणि डब्यातला लसूण संपलेला. मी बियाण्यासाठी खिळ्याला टांगलेली होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि कांद्यावर भागवलं. जेवण बेचव झालं. दोघांनीही तसं म्हटलं नाही.

तुमच्याही घरी गड्डी फुटत असेल. सगळ्यांत जाड पाकळी कढईत टाकण्याआधी क्षणभर थांबा, एवढंच माझं मागणं.

आज पुन्हा लावणी. गड्डी फोडली आणि मी पुन्हा पाकळी झाले. खुर्ची दारात आली. मास्तरांनी प्रत्येक पाकळीच्या टोकाला शिंप्याच्या खडूनं पांढरा ठिपका लावलाय. मास्तरीणबाईनं एक पाकळी हातात घेतली, ठिपका बघितला आणि ती परत दिली. मग काठी टेकून उठली.

"कुठं निघालीस? अजून एकही लावली नाही."

"पडते जरा आत."

"आणि बघणार कोण?"

"त्यात बघायचं काय?" म्हणत ती गेली. काठीचा आवाज खोलीपर्यंत ऐकू आला, मग पलंग करकरला.

मास्तरांनी रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी टेप लावली आणि मला चिमटीत धरलं. पांढरा ठिपका वर ठेवून त्यांनी माती ओढली.

आता बोलणं पुरे. या वेळी माझं तोंड वर आहे.