याहून बरं काही सुचतंय का?

“बोल,” मी म्हणाले.

श्यू समोरच्या कागदाकडे बघत राहिला.

“अरे, बोल ना. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला काय स्वप्नात दिसणारे?”

“विचार करतोय.”

“मोठ्यानं कर.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. काहीतरी पुटपुटला, ते धूर ओढणाऱ्या पंख्याने गिळलं. आमच्या दुकानातला तो पंखा म्हणजे एक प्रकरण आहे. तव्याखाली गॅस पेटला की तो लावावाच लागतो, आणि लावला की गिऱ्हाइकांना अंड्याची पोळीसुद्धा ओरडून मागावी लागते. त्यात माझा नवरा मुळात बोलतो तेच देवळात बोलल्यासारखं. अठरा वर्षं संसार केला, पण या माणसाची निम्मी वाक्यं त्या पंख्यातून आमच्या च्यायी शहराच्या आकाशात गेली असतील.

“हा बोलतो?” कोपऱ्यातल्या टेबलावरून आ-मान आजीने विचारलं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी येते, सोयाबीनच्या दुधाचा एक पेला घेते आणि दुकान बंद झालं तरी हलत नाही. “मला इतकी वर्षं वाटत होतं मुका आहे बिचारा. म्हटलं मेइ-याओने सांभाळून घेतलाय.”

“आजी, तुम्ही दूध प्या.”

मेइ-याओ म्हणजे मी. दुकान माझं, सकाळच्या न्याहारीचं. श्यूची नोकरी दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्याने काम केलं. मालक म्हातारा झाला, त्याने कंपनी बंद केली, आणि शेहेचाळीसाव्या वर्षी माझा नवरा ती खुर्ची उचलून घरी आला. खरंच आला, मालकाने भेट दिली होती.

आठ महिन्यांत त्याने किती ठिकाणी अर्ज केले ते त्यालाच माहीत. मुलाखतीला बोलावलं एकाच कंपनीने. तैपेईची होती, पण काम घरी बसून करायचं. ही नोकरी मिळाली नाही तर दुसरी वाट तयार होती: माझा भाऊ व्हिएतनाममध्ये बुटांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला ऑफिसात एक माणूस हवा होता. नवीन वर्षाचा सण झाला की जायचं, आणि वर्षातून दोनदा घरी यायचं. भाऊ महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. लेक शिकायला ताइनानला, वसतिगृहात. म्हणजे मागे उरणार मी आणि पंखा.

आता या मुलाखती कशा असतात ते मलाही तेव्हाच कळलं. समोरचा माणूस एक कोडं घालतो आणि आपण ते त्याच्यादेखत सोडवायचं. नुसतं सोडवून भागत नाही. सोडवताना मनात जे जे येईल ते बोलत राहायचं. गप्प बसलात की संपलं. आधी सोपं उत्तर सांगायचं, मग परीक्षक विचारतो, याहून बरं काही सुचतंय का? मग त्याहून बरं शोधायचं, तेही बोलत बोलत. हे सगळं श्यूने इंटरनेटवर वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कोड्यांची त्याला भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची.

“मी होते परीक्षक,” मी म्हणाले. “मला काही कळत नाही, ते बरंच आहे. तू मला समजावून सांग. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.”

तर त्या दिवशीचं कोडं असं होतं: माणसं रांगेत उभी आहेत, प्रत्येकाची उंची वेगळी. प्रत्येकाच्या पुढे उभा असलेला, त्याच्याहून उंच असा पहिला माणूस कोण, ते सगळ्यांसाठी शोधायचं.

“सोपं उत्तर आधी, श्यूसाहेब,” मी उलथणं त्याच्यावर रोखलं.

“प्रत्येकानं... पुढच्या एकेकाकडे बघत जायचं.”

“झालं की मग! एवढ्यासाठी इतका वेळ?”

“रांग लाखाची असेल तर फार वेळ लागेल.”

“बरं. मग याहून बरं काही सुचतंय का?”

तो उठला. मांडणीतल्या धुतलेल्या ताटल्यांपैकी पाच-सहा घेतल्या आणि माझ्यासमोर एकावर एक रचायला लागला. रांगेच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणाला. एकेक माणूस म्हणजे एकेक ताटली. नवा माणूस आला की त्याच्याहून बुटके वरून काढून टाकायचे, ते आता कुणालाच लागणार नाहीत. उरलेल्यात सगळ्यात वर जो असेल तोच त्याचं उत्तर. आणि बोलता बोलता त्याचा आवाज पंख्याच्या वर आला. मी बघतच राहिले. हा माणूस एवढा वेळ कुठे होता?

“कळलं?” त्याने विचारलं.

“कळलं.”

“मलापण कळलं,” आजी म्हणाली. “बुटक्यांना हाकलायचं. सगळीकडे तेच चालतं.”

महिनाभर आमचं हे चाललं. साडेअकराला दुकान बंद, मग उद्यासाठी मिरच्या परतता परतता मी परीक्षक. इतकी सवय झाली की घरातही तेच. मासळी काय आणू विचारलं की तो आधी सोपं उत्तर द्यायचा. एकदा तो मोज्यांची जोडी शोधत होता, तेव्हाही मी विचारलं, याहून बरं काही सुचतंय का. तो हसला. लग्नाच्या फोटोतही हसला नव्हता मेला.

माझं डोकं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. दुपारी तीन वाजले की हा कोडी बाजूला सारायचा आणि देवळाचं काम काढून बसायचा. आमच्या देवळात नवीन वर्षाला लोकांच्या नावाचे दिवे लावतात. दोन हजारांवर दिवे, प्रत्येकाखाली नावाची छापील चिठ्ठी. त्यातली काही नावं छापताना बिघडायची आणि श्यू ती दुरुस्त करणारा प्रोग्रॅम फुकटात लिहीत होता.

“मुलाखत आठ दिवसांवर आलीय आणि तू दिवे लावतोयस! देव देणारे का नोकरी?”

“मुलाखतीत विचारतात,” तो म्हणाला. “स्वतःच्या हौसेनं काय बनवलंत म्हणून.”

“मग लहानसं काहीतरी बनव आणि मोकळा हो.”

“लहानच आहे,” तो म्हणाला, आणि पुन्हा तोंडात मूग.

मुलाखत गुरुवारी दुपारी दोनला. घराशेजारी भिंत फोडायचं काम चाललं होतं, म्हणून ती दुकानातच द्यायची ठरली. मी पंखा बंद केला, गॅस बंद केला, आजीला घरी पाठवलं. लॅपटॉप आतल्या टेबलावर. मी पाठ करून तवा खरवडत होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. तेवढ्यात मागून एका तरुण मुलाचा आवाज आला, “नमस्कार, ऐकू येतंय का?”

आता आमच्या धंद्यात दारात येणारा प्रत्येक पुरुष देखणा आणि प्रत्येक बाई सुंदरी. वीस वर्षांची जीभ आहे, तिला मी काय करू?

“ये रे देखण्या, बस! काय देऊ?” मी ओरडले.

माझे कान तव्यासारखे तापले. मग लॅपटॉपमधून हसण्याचा आवाज आला.

“अंड्याची पोळी. तिखट कमी.”

चांगला होता पोरगा. च्येन नाव सांगितलं. मुलाखत तासाभराची, म्हणाला. आधी दहा मिनिटं तुमच्या हौसेच्या कामाबद्दल सांगा, मग आपण कोड्याकडे वळू.

श्यूने घसा खाकरला. मी मनात म्हटलं, मोठ्यानं बोल रे बाबा.

आणि तो बोलला.

“माझ्या बायकोच्या नावात एक अक्षर आहे,” तो म्हणाला. “मातीचं चिन्ह तीनदा: माती, माती, माती. एकावर दोन नाही, खाली दोन आणि वर एक. याओ. तिचे आजोबा कौलांच्या भट्टीवर होते, त्यांनी ठेवलं. जुन्या कॉम्प्युटरांना हे अक्षर येत नाही. तिथे ते रिकामा चौकोन छापतात.”

माझा हात तव्यावर थांबला.

“आम्ही लग्न नोंदवायला गेलो तेव्हा कारकुनानं कागद दिला, त्यात हिच्या नावात चौकोन होता. कारकून म्हणाला, चालतं, सगळे समजून घेतात. मला फार लाज वाटली. मी कॉम्प्युटरवाला आणि माझ्याच बायकोचं नाव मला छापता येईना. ही हसली. म्हणाली, असू दे, खिडकी आहे, वारा येईल.”

मी म्हटलं होतं तसं? म्हटलं असेन. मला आठवतच नव्हतं.

“दवाखान्यात चौकोन, बँकेत चौकोन. मुलगी झाली तेव्हा पाळण्यावरच्या चिठ्ठीत आईच्या नावात चौकोन. ती दरवेळी पेन काढते आणि हातानं अक्षर लिहिते. मी अठरा वर्षं बघतोय.”

मग तो अक्षर कसं घडवलं ते सांगायला लागला. एकेक रेघ कशी आखली, देवळाच्या यादीत अशी कोणकोणती नावं सापडली, त्या त्या माणसांकडे जाऊन अक्षराची चौकशी कशी केली. एक मासेविक्रेती होती, तिने स्वतःचं अक्षर सांडलेल्या पाण्यात बोटाने काढून दाखवलं म्हणे. तो सांगत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. पोरगा अडवत नव्हता आणि श्यू थांबत नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, बस कर, कोड्याचं बघ. आणि त्याच वेळी वाटत होतं, थांबू नकोस, पुढे सांग.

“एकूण किती नावं आहेत अशी?” च्येनने विचारलं.

“एकतीस.”

“दोन हजारांत फक्त एकतीस?”

“हो,” श्यू म्हणाला. “एकतीस माणसं.”

कोड्याला उरली पंचवीस मिनिटं. श्यूने सोपं उत्तर नीट सांगितलं, लिहून दाखवलं, चालवून दाखवलं. मग तो प्रश्न आलाच: याहून बरं काही सुचतंय का? तो बोलत राहिला, गप्प बसला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. इकडून गेला, तिकडून गेला. एकदम उठला, मांडणीतली ताटली घेतली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाला, “चळत! याची चळत करायची!”

“अगदी बरोबर,” च्येन म्हणाला. “पण वेळ संपलाय, श्यूसाहेब.”

श्यू ताटली हातात घेऊन उभा राहिला. मी जाऊन ती काढून घेतली.

“फार बोललो का?” त्याने विचारलं.

महिनाभर मीच त्याला बोल, बोल म्हणत होते. “छान बोललास,” मी म्हणाले आणि आत जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिले. रडायचं नव्हतं, पण आलं रडू.

शनिवारी देवळात गेले. नव्या चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. माझा दिवा सातव्या ओळीत. दरवर्षी देवळातले ल्याओकाका चौकोनात पेनाने अक्षर भरायचे, त्यांचा हात थरथरतो. या वर्षी तिथे छापील अक्षर होतं, काळंभोर, आजूबाजूच्या नावांसारखंच. जवळ जाऊन पाहिलं. खालच्या दोन मात्या त्याने किंचित रुंद केल्या होत्या. वरची पडू नये म्हणून असेल.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मेल आला. गर्दी ओसरली होती. आजी आपल्या टेबलावर. श्यूने फोन उभ्याउभ्याच वाचला आणि माझ्यासमोर धरला. आठ ओळी होत्या, सहांत आभार. उरलेल्या दोनांत असं, की पहिलं उत्तर अचूक होतं, सुधारित उत्तर वेळेत पूर्ण झालं नाही, सबब यावेळी योग जुळत नाही.

त्याने फोन खिशात ठेवला. माझ्या हातातून उलथणं घेतलं आणि तव्यावरच्या मुळ्याच्या वड्या उलटायला लागला. एकही मोडली नाही. पुन्हा तसाच झाला होता, लग्नाच्या फोटोतला.

“काय झालं गं?” आजीने विचारलं.

माझ्याच नावापायी गेली नोकरी, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असणार, आणि तो ते जन्मात बोलला नसता. पुढल्या महिन्यात हा विमानात बसेल, बुटांच्या कारखान्यात मान खाली घालून काम करेल, फोनवर ‘जेवलीस का’ विचारेल आणि ठेवून देईल. मला त्या गप्प बसण्याची भयंकर भीती वाटली. मी ओला हात एप्रनला पुसला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“सोपं उत्तर आधी, श्यूसाहेब.”

त्याने वर पाहिलं.

“व्हिएतनाम,” तो म्हणाला. “आज तुझ्या भावाला फोन करायचा.”

“हं. याहून बरं काही सुचतंय का?”

वड्या तडतडत होत्या. त्याचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही.

“काय?”

“विचार करतोय.”

“मोठ्यानं कर,” मी म्हणाले, आणि हात वर करून पंखा बंद केला.

धूर छताला लागला, मग खाली उतरायला लागला. आजी खोकली. “अगं ए, पंखा! मारतेस का मला?”

“थांबा हो आजी,” मी म्हणाले. “तो बोलतोय.”