पट्टेबाबांचा पंजा

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढले होते, कारण पट्टेबाबांनी यंत्राचा जाड चामडी पट्टा हातात घेतला होता. माणसाच्या आत दडलेला 'घाबरट्या' ते सर्वांदेखत बाहेर काढतात, अशी त्यांची ख्याती. घाबरट्या आधी पंजा दाखवतो, मग बाबा पट्टा ओढतात आणि रोगी गप्प होतो. गप्प झालेला माणूस बरा झाला, असं समजायची आपली खोड जुनीच आहे.

आज खुर्चीवर काचमिस्त्रीची बायको होती आणि तिचे खांदे मागून खुद्द मिस्त्रीने दाबून धरले होते. बाटल्यांच्या कारखान्यात तो भट्टीवर नळी फुंकून तापली काच फुगवायचा, ती बाटल्या खोक्यात भरायची. काही महिन्यांपासून तिला मधेच धडधडायचं, दरदरून घाम फुटायचा, आता आपण मरणार असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. ही भीतीची लाट आहे, येते तशी ओसरते, असं त्यांनी समजावलं होतं. पण मिस्त्रीच्या आईला ते पटेना. एवढी तडफडते आणि म्हणे काही नाही! तिनेच बाबांचा पत्ता आणला. दोन बैठकांत सुनेची पाठ सोलून निघाली आणि डाव्या हाताचं एक बोट मोडलं. घाबरट्या आता डोक्यात चढलाय, तेव्हा आज पट्टा डोक्यावर, असं बाबांनी जाहीर केलं होतं.

"श्वास ओढ! भरभर ओढ! दम त्याला लागू दे, तुला नाही," बाबा टाळ्या वाजवत ओरडले. टाळ्यांचा वेग वाढत गेला. ती लोहाराच्या भात्यासारखी धापा टाकू लागली, तिचे ओठ थरथरले आणि हाताची बोटं जवळ येऊन आत वळली, ताठ झाली.

"पंजा!" गर्दी एका सुरात म्हणाली.

पट्टा सणकन तिच्या कानावर बसला. कान फाटला, रक्ताची धार मिस्त्रीच्या मनगटावर आली. तरी त्याने पकड सोडली नाही. आपण तिच्या भल्यासाठीच धरलंय, असं तो मनाशी घोकत होता. दुसरा फटका उगारला गेला तेवढ्यात गर्दीतून डॉक्टरीणबाई घुसल्या आणि पट्ट्याला लोंबकळल्या. तिच्या मोडलेल्या बोटाला पट्टी बांधली तेव्हापासून त्या या बैठकीच्या मागावर होत्या. बाबांच्या पैलवानाने त्यांना उचलून फरशीवर आपटलं. ओठ फुटला. त्या रक्त पुसत उठून बसल्या.

"घाबरट्या तिच्यात आहे ना? मग याच टाळ्यांवर हा पैलवान श्वास घेऊ दे. याच्यात तर काही नाही."

बाबा टाळाटाळ करू लागले. आज मुहूर्त नाही, पैलवान उपाशी आहे, अशा नाना सबबी निघाल्या. पण गर्दीला फुकटचा तमाशा कधी नको असतो? पैलवानही छाती फुगवून बसला. टाळ्या बाईंनी वाजवल्या. थोड्याच वेळात गडी पांढराफटक पडला, तोंडाला मुंग्या आल्या म्हणू लागला आणि त्याची बोटं आत वळून ताठ झाली. मग तो आईच्या नावाने रडायला लागला.

"त्याच्यात उडी मारली!" बाबा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. पैलवानाशेजारी बसून त्यांनी त्याला तळपाय जमिनीला टेकवायला सांगितले, नाकाने हलका श्वास आणि त्याच्या दुप्पट सावकाश उच्छ्वास, असं त्याच्याबरोबर स्वतः केलं. पट्टा न लागता बोटं सुटली.

मिस्त्री बघतच राहिला. नवशिका कामगार घाईघाईने फुंकत सुटला की त्याचे हात अस्सेच वळतात. भट्टीवर त्याला 'नळी लागली' म्हणतात, बाजूला बसवतात, सावकाश फुंकर सोडायला लावतात. मिस्त्रीने स्वतः कित्येकांना बसवलं होतं. कारखान्यात जी नळी, ती घरात भूत कशी झाली?

"ही तर नळी लागलीय," तो पुटपुटला.

"भरभर श्वासाने रक्तातला एक वायू कमी होतो, म्हणून हात वळतात," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "लाट तर आपोआप ओसरते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. श्रेय मात्र पट्ट्याला."

मग गर्दी फिरली. खुर्च्या मोडल्या, बाबांचे दात पडले. पट्टा मिस्त्रीच्या हाती आला आणि त्याने तो सर्व ताकदीनिशी उगारला.

"मला तुम्ही धरलं होतं," बायको कान दाबून म्हणाली. "त्याच्याकडे नुसता पट्टा होता."

त्याचा हात खाली आला. पोलिस येईपर्यंत बाबांच्या आणि गर्दीच्या मधे डॉक्टरीणबाईच उभ्या राहिल्या.

वाचकहो, छातीत धडधडलं तर आधी डॉक्टरांकडे जा. हृदय ठीक असेल तर सावकाश श्वास, रोजचं चालणं, पुरती झोप, चहा बेताचा आणि आपलं ऐकून घेणारं एक माणूस, हे उपाय साधे आहेत आणि बऱ्याच जणांना लागू पडतात. नाही पडले तर औषध आहे, त्यात लाज नाही. पण दुखणं हा गुन्हा नव्हे आणि मार हे औषध नव्हे, एवढं तरी डोकं चालवा.

पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरात तिला पुन्हा लाट आली. मिस्त्री हात पुढे करून धावला, तशी ती भिंतीला चिकटली आणि दोन्ही हातांनी तिने डोकं झाकलं. तो जागीच थांबला, दारापाशी खाली बसला आणि हात पाठीमागे घेऊन मोठ्याने लांब लांब श्वास सोडू लागला. हळूहळू तिचा श्वास त्याच्या श्वासाला जुळला. लाट ओसरली, तिची बोटं सुटली.

"जवळ येऊ?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तिथेच बसा."