तिसऱ्या मजल्यावरचे घास

मावशी आणि काका शुक्रवारी संध्याकाळी आले आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने लेकीच्या गावी परत जाणार होते. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं नवरा चारदा म्हणाला. त्याला म्हणायला काय जातंय! मावशी त्याची. त्याची आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा या मावशीनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. त्याच्या बायकोने तर मावशीला लग्नात एकदा वाकून नमस्कार केला होता, तेवढीच काय ती ओळख.

आल्या आल्या मावशीने तिला सूनबाई करून टाकलं. "अगं सूनबाई, किती वाळलीस! आणि ही ढब्बू? हिला ढब्बू म्हणता? डोळे तपासून घ्या म्हणावं आमच्या पोराला."

ढब्बू हे नाव बापाने गमतीत ठेवलेलं. पोरगी सव्वा वर्षाची, हातपाय काडीसारखे. मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सने वजनाच्या तक्त्यावर ठिपका काढला, तो सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली. "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू हं," असं ती अगदी गोड हसून म्हणाली, आणि त्या गोड हसण्यानेच सूनबाईची भूक-झोप उडाली. तेव्हापासून घरात रोज तीन वेळा तोच खेळ. ढब्बू उंच खुर्चीत, चमचा तिच्या ओठांपाशी, आणि ओठ असे मिटलेले की जणू आत कुणी कडी घातली आहे. कधी दोन चमचे जायचे, कधी तेवढेही नाही. गेलेले बाहेर यायचे ते वेगळेच.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी सूनबाईने पाहुण्यांना घर समजावून सांगितलं. नळाला डावीकडून उकळतं पाणी येतं. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, ती अडकते. दारावर कुणी आलं तर उघडायचं नाही. ढब्बूला अख्खं द्राक्ष द्यायचं नाही, शेंगदाणा तर नाहीच नाही.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि खिशातलं पेन काढलं. "सही कुठे करू? कामावर रुजू व्हायचंय ना?"

"गप्प बसा हो," मावशी म्हणाली. "तिचं बरोबर आहे. परका मुलूख आहे."

सूनबाईलाही हसू आलं. पण मनात ती यादी पुन्हा पहिल्यापासून चालूच होती. काही राहिलं तर नाही ना?

शनिवारी नवरा पहाटेच गेला. तो विमानतळावर सामान वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्या दुरुस्त करायचा आणि पट्ट्यांना सुट्टीचा दिवस कळत नाही. नऊ वाजता सूनबाई काम करायची त्या चष्म्याच्या दुकानातून फोन आला. तिथे काम करणारी दुसरी मुलगी तापाने आडवी झाली होती. दोन तास तरी ये, गिऱ्हाईकं थांबली आहेत. सूनबाईने फोन कानाला धरून ढब्बूकडे बघितलं. सव्वा वर्षात तिने पोरीला बाप सोडून कुणाच्याच भरवशावर सोडलं नव्हतं.

"जा गं तू," मावशी म्हणाली. "मी काय आज पहिल्यांदा मूल बघतेय? तुझा नवरा काय आपोआप वाढला?"

"तसं नाही मावशी, पण..."

"पण काय?" मावशीचा आवाज जरा उतरला. "आमची लेकसुद्धा हेच करते बघ. नातवंडांपाशी आम्हाला एकटं ठेवत नाही. पगारी बाई येते, ती बघते. आम्ही आपले सोफ्यावर, पाहुण्यांसारखे. चहा घेणार का, विचारतात."

सूनबाई कपडे बदलायला गेली.

मावशीने तेवढ्यात ढब्बूसाठी मऊ भात शिजवायला घेतला आणि वरून तुपाची फोडणी केली. फोडणी चुरचुरली मात्र, छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. ढब्बूने भोकाड पसरलं. काका वर्तमानपत्राने छताला वारा घालू लागले. मावशी कढल्यासकट गोल फिरली. "अगबाई, पोलीस येतील का गं?" सूनबाईने फडताळावरून किल्ली काढली, दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीचा खटका उघडला आणि काच पार कडेपर्यंत सरकवली. गार हवा आत आली, भोंगा थांबला. घड्याळात बघते तर साडेनऊ. ती तशीच पायात बूट सरकवून धावली.

खिडकी तिनेच उघडली होती. हे ती पुढे कितीदा आठवणार होती, याची तेव्हा तिला कल्पना नव्हती.

दुकानात दोन तासांत तिने चार वेळा फोन केला. चारही वेळा काकांनी उचलला. "सब ठीक. पार्टी खेळतेय. ओव्हर." चौथ्यांदा मावशीने फोन हिसकावून घेतला. "तू तिकडे लोकांना चष्मे लाव. इकडे आम्हाला दिसतंय सगळं."

बारा वाजता ती निघाली. बसथांब्यावर उतरून कोपऱ्यावर वळली की समोर गाड्या लावायचं मोकळं आवार आणि पलीकडे त्यांची इमारत. सवयीने तिने वर बघितलं. तिसरा मजला, मधली खिडकी.

खिडकीच्या कट्ट्यावर ढब्बू बसली होती.

पाय बाहेर सोडून. उघड्या खिडकीत. पाठीमागे मावशी, शेजारी काका, आणि ढब्बू तोंड उघडत होती. जेवत होती.

सूनबाई जागीच थांबली. तिच्या एका क्षणात लक्षात आलं, की तिकडे मायदेशी खिडकी म्हटली की गज आलेच. पोराला कट्ट्यावर बसवायचं, त्याने गजांना धरून पाय हलवायचे, आणि एक घास काऊचा, एक चिऊचा. तिचा नवरा असाच जेवला असेल. ती स्वतःही अशीच जेवली होती. मावशीच्या हातांना तीच सवय होती. उजेड दिसला, पक्षी दिसले, पोर बसवलं. आणि हिच्या एवढ्या लांबलचक यादीत खिडकी नव्हती, कारण खिडकी कायम बंदच असायची.

तोंडातून हाक निघणारच होती. ती तिने गिळली. ढब्बूला आईचा आवाज आला की ती दोन्ही हात पुढे करून झेपावते, जिथे असेल तिथून.

मग फोन. तिने काकांचा नंबर लावला. वर काकांनी खिसे चाचपले, मग आत वळले. फोन बहुतेक आत कुठेतरी होता. आता खिडकीत मावशी एकटी. तीही मान वळवून काकांना काहीतरी सांगायला लागली. सूनबाईने झटकन फोन कापला.

आवार ओलांडून धावत जावं? मधे लपायला एक झाडसुद्धा नव्हतं. ढब्बू तिची चाल लांबून ओळखायची. आणि समजा गेली दाराशी, तरी लिफ्ट येईपर्यंत, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत, तिला वरचं काहीच दिसणार नव्हतं. ते तिला जमेना. आपली नजर हलली की पोर पडेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं. शिकली-सवरलेली बाई, पदवी घेतलेली. पण त्या घटकेला तिला खरंच वाटत होतं की पोरीला आपल्या डोळ्यांनीच धरून ठेवलं आहे. ती थांब्याच्या पत्र्याआड सरकली आणि बघत राहिली.

मावशीचा डावा हात ढब्बूच्या पोटावर होता. उजव्या हाताने ती घास द्यायची. घास दिला की वाटीतला भात कालवायला वाटी धरावी लागायची, आणि वाटी धरायला डावा हात पोटावरून निघायचा. एक, दोन. मग पुन्हा पोटावर. प्रत्येक घासाला. त्या एक-दोनमध्ये ढब्बू कट्ट्यावर नुसती बसलेली असायची, तिची तीच, खाली वाकून कबुतरं बघत.

आणि खात होती, हे वेगळंच. जी पोरगी आईच्या हातून चमचाभर खात नाही, ती आ वासून घास मागत होती. सूनबाईला रडू येईना की हसू येईना.

शेजारी एक गाडी थांबली. पार्सलवाला उतरला, हातात हे एवढं खोकं. त्याने सहज वर बघितलं, आणि त्याचं तोंड ओरडायला उघडलं. सूनबाईने त्याचं मनगट गच्च धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"माझी मुलगी," ती त्याच्या भाषेत पुटपुटली. "मला बघितलं तर उडी मारेल."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली. खोकं छातीशी धरून, पत्ता शोधत असल्यासारखा तो रमतगमत आवार ओलांडून गेला आणि बरोबर त्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. खोकं त्याने हळूच पायापाशी ठेवलं. हात मोकळे ठेवले, शरीरापासून थोडे पुढे.

वरून काकांना तो दिसला. त्यांनी मोठ्या प्रेमाने हात हलवला. मग मावशीने ढब्बूचा हात धरून तोही हलवला. "बघ, खाली कोण काका आला! टाटा कर." शब्द ऐकू येत नव्हते, पण सूनबाईला ते मावशीच्या ओठांवर वाचता आले. पार्सलवाल्यानेही वर बघून हात हलवला. दुसरा हात तसाच पुढे.

आणखी किती घास झाले कुणास ठाऊक. शेवटी मावशीने वाटी उलटी करून ढब्बूला दाखवली, हाताने तिचं तोंड पुसलं आणि तिला काखेत उचलून आत घेतलं. खिडकी रिकामी झाली.

सूनबाई धावली. पार्सलवाल्यापाशी पोचली तेव्हा त्याने खोकं उचललं होतं. तिला आभार मानायचे होते, पण त्याने तिला थांबू दिलं नाही. तो म्हणाला, "खिडकी बंद कर," आणि शेजारच्या दाराकडे निघून गेला.

घरात शिरल्या शिरल्या तिने आधी काच सरकवली, खटका लावला, किल्ली खिशात टाकली. मग वळली.

मावशी पाटावर बसावी तशी ऐटीत सोफ्यावर मांडी घालून बसलेली, मांडीवर ढब्बू, आणि हातात रिकामी वाटी. चेहऱ्यावर असा आनंद, की लग्नघरात मिरवावा. "बघ! चाटूनपुसून! एवढा भात खाल्ला पोरीने. जेवत नाही म्हणे! खुर्चीत बांधून, समोर चमचा नाचवून मूल जेवतं का गं कधी?"

"मी कावळा झालो होतो," काका म्हणाले. "घसा बसला माझा."

"मावशी," सूनबाई म्हणाली. "खिडकीत बसवलं होतंत तिला?"

"हो, मग?"

"त्या खिडकीला गज नाहीत."

मावशी हसली. "अगं, मला काय डोळे नाहीत? बघितलं मी. म्हणून तर पदर बांधला होता. हे बघ, अजून तसाच आहे." तिने ढब्बूचा झबला वर केला. पदराचं टोक पोरीच्या कमरेभोवती घेऊन मागे गाठ मारलेली होती.

सूनबाई खाली वाकली. गाठ सोडवायला तिने पदराला नुसतं बोट लावलं, थोडंसं ओढलं. गाठ सुटली. पदर ढब्बूच्या कमरेवरून सरकून मावशीच्या पायांवर पडला.

मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिली. पेरं सुजलेली, दोन बोटं अर्धवट वाकलेली.

"घट्ट मारली होती गं मी," ती म्हणाली. "उचलताना सैल झाली असेल."

"हो," काका घाईने म्हणाले. "उचलतानाच. आणि मी होतोच की शेजारी."

सूनबाईला पुष्कळ बोलायचं होतं. पण समोर ती रिकामी वाटी होती, ढब्बूचं टम्म झालेलं पोट होतं, आणि मावशीचा चेहरा डोळ्यांदेखत म्हातारा होत होता. "खिडकी मीच उघडी ठेवली," एवढंच ती म्हणाली. ते खरं होतं, पण त्याने कुणाचंच काही हलकं झालं नाही. तिने ढब्बूला उचलून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. पोरीला ढेकर आला. मग सूनबाई रडली, उशीत तोंड खुपसून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. मग म्हणाला, "मावशीला काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस." आणि मग, "का नाही बोललीस?" आणि मग, "नको, जाऊ दे."

रविवारी मावशी प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. "घेऊ का हिला?" "पाणी पाजू का?" "टोपी घालू का?" दर वेळी सूनबाई म्हणायची, "घ्या ना, असं काय विचारता मावशी!" आणि दर वेळी तिचा हात ढब्बूबरोबर जायचा. मावशीने पोरीला मांडीवर घेतलं की सूनबाईचा तळवा पोरीच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, कुणाला कळू नये असा. मावशीने दोनदा त्या हाताकडे बघितलं. दुपारनंतर तिने विचारायचं सोडून दिलं. दुपारी ढब्बू उंच खुर्चीत एक चमचा जेवली. मावशी तेव्हा काकांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत बसली होती. घड्या घालून झाल्यावर तिने त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

संध्याकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. नवऱ्याने पिशव्या मागे टाकल्या. काकांनी सूनबाईला हात जोडले. "नोकरीवरून काढलं नाहीत, आभारी आहे," ते म्हणाले, आणि मग आपणच भलतं बोललो असं वाटून दार उघडायला वळले.

सूनबाईने वाकून मावशीला नमस्कार केला. ती उठते न उठते तोच तिच्या कडेवरच्या ढब्बूने दोन्ही हात पसरले आणि मावशीकडे झेप टाकली. तोंडाने "काऊ, काऊ" चाललेलं. मावशीने आधी सूनबाईकडे बघितलं. काही विचारलं नाही. नुसतं बघितलं.

"घ्या ना," सूनबाई म्हणाली.

मावशीने पोरीला घेतलं, छातीशी घट्ट धरलं, दोन्ही हातांनी. पोरीने तिच्या मानेत तोंड घातलं. खाली सपाट फरशी होती, पडण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. या वेळी तरी हात मागे घ्यायचा, असं सूनबाईने मनाशी घोकलं. दोनदा घोकलं. नवरा बघत होता, मावशी बघत होती.

हात गेलाच. ढब्बूच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर.