बांधापलीकडचं सोयाबीन

अलीकडे

थोरल्याचं सोयाबीन अजून हिरवंगार. शेंगा चपट्या, दाणा भरायचा बाकी.

पलीकडे

धाकट्याचं पानं गाळून मोकळं. लवकर येणारं वाण. दोघा भावांनी पेरलं एकाच दिवशी, एकाच पाभरीनं. झुळूक आली की धाकट्याच्या शेंगा खुळखुळत आणि थोरल्याच्या पोटात दुखे.

अलीकडे

"भावोजींचं रान लवकर रिकामं होणार. हरभरा वेळेत पेरतील," बायको म्हणाली.

"मग त्यांच्याकडेच जा जेवायला."

"जाईन की! तिथं निदान कुणी तोंड पाडून जेवत नाही."

पलीकडे

बघ्यांची रीघ. बियाणं कुठलं घ्यावं, हे लोक आजवर थोरल्याला विचारत. आता त्याच्याच बांधावर, त्याच्याकडे पाठ करून उभे. 'रेडिओ' म्हणतात तो शेजारी ओरडत होता, "धाकट्या, मळणीला येतो. बियाण्याचं पहिलं पोतं माझं!"

खळ्यात

मळणीयंत्र मात्र थोरल्याचं. धाकट्यानं त्याला कधी हात लावला नव्हता. ते दादाचं काम. बियाण्याचं सोयाबीन हळू फिरवून काढायचं, नाहीतर साल तडकते आणि दाणा उगवत नाही, हे थोरल्याला झोपेतही ठाऊक होतं.

सुरुवात त्यानं हळूच केली. दाणे पडले. गोल, पिवळेधमक. रेडिओनं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या थापेसरशी थोरल्यानं यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरची रेस वाढवली.

यंत्र किंचाळलं. दाण्यांची डाळ पडू लागली.

"अरे, आत्ता तर अख्खे पडत होते!" रेडिओ म्हणाला.

"ते गंजीच्या वरचे. वाणच कच्चं आहे. घाईनं पिकतं, साल पातळ राहते," थोरला म्हणाला. खोटं असं सरसर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

रेडिओनं रिकामं पोतं झटकलं, काखेत मारलं. मागोमाग बाकीचेही गेले.

धाकटा ओंजळभर डाळ घेऊन जवळ आला. आता हा भांडणार. थोरल्यानं दोन शिव्याही योजून ठेवल्या होत्या.

"बरं झालं दादा, यंत्रावर तू होतास. दुसरं कुणी असतं तर मी त्याच्यावरच आळ घेतला असता."

एवढं बोलून तो गंजीतल्या पेंढ्या पुढे सरकवायला लागला.

थोरल्याचा हात रेस कमी करायला गेला. पण मग दाणे पुन्हा अख्खे पडले असते, आणि धाकट्याला कळलं असतं. हात मागे आला. यंत्र किंचाळत राहिलं. पेंढीमागून पेंढी, थोरला भावाचं बियाणं फोडत राहिला. आणि त्याही वेळी, असा डोळे झाकून विश्वास टाकता येणाऱ्या त्या माणसाचा त्याला नव्यानं हेवा वाटत होता.