दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर ठेवलेला मी एक जुना बाक. गावच्या दौलतरावांनी शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ दिली आणि कवडू सुतारांनी मला घडवलं. बाभळीचं लाकूड ते, दिसायला ओबडधोबड, पण मोडायचं नाव नाही. वर्गातल्या बाकांना पाढे ऐकायला मिळतात. माझ्या वाट्याला आली गावाची गाऱ्हाणी, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

माझे चांगले दिवस वच्छलाबाईंच्या काळातले. त्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा उघडली की खोलीत जाण्याआधी त्या माझ्यावर येऊन बसत. कापूस वेचायला निघालेल्या बाया शाळेसमोरच्या वाटेने जात. जाता जाता कोणी टेकायची, मन मोकळं करायची. घरी तान्ह्याला सांभाळायला कोणी नसलं की मोठ्या मुलीची शाळा बुडते, हे बाईंना माझ्यावर बसूनच कळलं. मग त्या अशाच एका आईला म्हणाल्या, "लेकराले संग घेऊन येऊ दे तिले. पण शाळा नोको बुडवू." ओसरीत लुगड्याचा पाळणा बांधला गेला. वेचणीच्या दिवसांतही वर्ग भरलेले असत.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नालवाडीहून मुकेश सर आले. माणूस सरळ, मेहनती. शाळा नमुनेदार करायचीच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. गळकं छप्पर त्यांनी दुरुस्त करून घेतलं. पाळणा काढून टाकला आणि ओसरी रंगवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे शिकवण्यात खंड पडतो, म्हणून दारावर पाटी लावली : पालकांनी दुपारी तीन ते चार या वेळेत भेटावे. चांगल्या शाळांत असंच असतं म्हणे. पण वेचणीच्या दिवसांत त्या वेळी गावात चिटपाखरू नसतं, सगळे वावरात. सरांना ते ठाऊक नव्हतं आणि मला तोंड नव्हतं.

एका सकाळी पंचफुला आली, सहावीतल्या काजलची आई. तिची सासू अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्या लेकराकडे पाहणारं घरी कोणी उरलं नव्हतं. माझ्यावर बसून ती हेच सोबतिणीला सांगत होती. तेवढ्यात सर बाहेर आले.

"सर, जरासं आयका ना जी. काजलचं..."

"ताई, आता परिपाठ आहे. तीन वाजता या, निवांत बोलू."

"बरं जी," म्हणून ती उठली. मला इतकं वाईट वाटलं! तिची सोबतीण पाटीकडे बघत राहिली, वाचता मात्र दोघींनाही येत नव्हतं.

त्यानंतर माझ्यावर कोणी बसेना. रिकामी वस्तू म्हणजे अडगळ, म्हणून मला मागे हापशीजवळ नेऊन टाकलं. तिथे उन्हाने माझ्या फळ्या तडकल्या.

थंडी पडली तेव्हा पंचफुला हापशीवर पाणी भरायला आली. सरांनी तिला ओळखलं.

"काजल काऊन येत नाई, ताई? किती निरोप धाडले मी."

"मी आलती ना जी सांगाले. लहान्याले संग आनू देता का, एवढंच इचारायचं होतं. तुम्ही तीन वाजता या म्हनलं. तीन वाजता मी वावरात रायते."

सर माझ्यावर बसले. मग म्हणाले, "उद्या धाडा तिले. भावाले घेऊन येऊ द्या."

"आता नाई येत जी ते. सोबतच्या पोरी पुढं गेल्या, मले लाज वाटते म्हन्ते."

सर तिच्या घरीही जाऊन आले, पुन्हा पुन्हा. दर वेळी हात हलवत परतले.

मला त्यांनी स्वतः उचलून परत ओसरीत, दाराशी आणलं. पाटी काढली, पाळणा बांधला. आता रोज सकाळी ते माझ्यावर बसतात, आणि बाया थांबतात, बोलतात. तपासणीला आलेले साहेब सरांच्या कारभाराचं कौतुक करतात. ते खोटं नाही. सर शिकले. पण काजलची शाळा सुटली ती सुटलीच.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी मुख्याध्यापक होईल, कोणी साहेब होईल. दाराशी कोणी येऊन बसलं, तर त्याला वेळ सांगण्याआधी काम विचारा. एवढीच या बाभळीच्या लाकडाची विनवणी.

सकाळी काजल आईमागून वावराकडे जाते. कडेवर भाऊ असतो. तिला बघून सर माझ्यावरून उठून उभे राहतात. ती मान खाली घालते आणि भराभर पुढे निघून जाते.